बुचाचं जॅकेट आणि व्हिटबीचा हेन्री फ्रीमन

कोकणात डॉल्फिन बघायला होडीत बसलं की हातात लाइफ जॅकेट येतं. बरेच जण ते खांद्यावर नुसतं अडकवतात, पट्टे तसेच लोंबत राहतात. "पट्टे बांधा" म्हटलं की उत्तर ठरलेलं: "मला पोहता येतं." असं कुणी म्हणालं की मला व्हिटबी आठवतं.

व्हिटबी हे इंग्लंडच्या यॉर्कशायरमधलं उत्तर समुद्राकाठचं मासेमारांचं गाव. बुडत्या जहाजांवरच्या माणसांना वाचवण्यासाठी तिथे 1802 मध्ये पहिली जीवरक्षक नौका आली. वादळ उठलं की गावातलेच कोळी वल्ही घेऊन निघायचे. 9 फेब्रुवारी 1861 च्या वादळात ते पाच वेळा गेले आणि पाच जहाजांवरची माणसं घेऊन आले. सहाव्या खेपेला किनाऱ्यावरच्या गर्दीसमोर लाटेने नौका उलटली. 13 पैकी 12 जण गेले. वाचला एकटा हेन्री फ्रीमन. त्याच्या अंगावर नव्या पद्धतीचं बुचाचं जॅकेट होतं.

एका माणसाच्या वाचण्याने काही सिद्ध होत नाही, हे खरं. पण त्या जॅकेटचा हिशेब आपण कागदावर मांडू शकतो.

माणसाच्या शरीराची घनता जवळजवळ पाण्याइतकीच असते. आर्किमिडीजच्या नियमाप्रमाणे अंगाने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतका आधार मिळतो, म्हणून आपण कसेबसे तरंगतो. मात्र नाक हवेत ठेवायचं तर डोकं पाण्याबाहेर काढावं लागतं, आणि बाहेर आलेल्या भागाला पाणी आधार देत नाही. डोक्याचं वजन साधारण 5 किलो. एवढ्याच 5 किलोंसाठी पोहणारा सतत हातपाय मारत असतो.

आता बूच घ्या. एक लिटर बुचाचं वजन सुमारे 200 ग्रॅम, आणि ते बाजूला सारतं 1025 ग्रॅम समुद्राचं पाणी. म्हणजे लिटरमागे सव्वाआठशे ग्रॅम उचल शिल्लक राहते. 5 किलोंना 825 ने भागलं की उत्तर येतं सहा. छातीभोवती सहा लिटर बूच बांधलं की हात न हलवता डोकं वर राहतं.

बूच म्हणजे एका ओक वृक्षाची साल. 1665 मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने सूक्ष्मदर्शकाखाली जी खोकी पाहून 'सेल' (आपण म्हणतो ती पेशी) हा शब्द वापरला, ती याच बुचातली. एका घन इंचात अशी शंभर कोटींहून अधिक खोकी असावीत, असा त्याचा अंदाज होता. प्रत्येक खोक्यात हवा कोंडलेली आणि भिंतींवर मेणचट थर, म्हणून पाणी आत शिरत नाही. एखादी फुगवलेली पिशवी एका छिद्राने संपते. बुचाला छिद्र पडलं तरी बाकीची कोट्यवधी खोकी शाबूत असतात.

1854 मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय जीवरक्षक नौका संस्थेचे निरीक्षक कॅप्टन वॉर्ड यांनी हे बुचाचं जॅकेट रचलं तेव्हा त्यांनी बुचाच्या अरुंद पट्ट्या कॅनव्हासवर शेजारी शेजारी शिवल्या. अखंड फळी बांधून वल्हवणार कसं? पट्ट्या अंगाबरोबर वाकतात.

उचल कुठे लागते यालाही महत्त्व आहे. वजन खाली ओढतं ते शरीराच्या गुरुत्वमध्यातून, आणि पाणी वर ढकलतं ते बुडालेल्या आकारमानाच्या मध्यातून. हे दोन बिंदू एका उभ्या रेषेत येईपर्यंत शरीर फिरत राहतं. जास्तीची उचल छातीच्या पुढच्या बाजूला असली की छाती वर येते, पाठ खाली जाते आणि चेहरा आभाळाकडे होतो. बेशुद्ध माणसालाही उताणं करणारी आजची जॅकेटं याच तत्त्वावर बेतलेली आहेत. पट्टे सैल असतील तर जॅकेट एकटंच कानांपर्यंत वर सरकतं आणि माणूस खालीच राहतो.

"समुद्र वर्षाला बळी घेतोच" असं आपल्याकडे सहज बोललं जातं. व्हिटबीच्या समुद्रात बळी घेतं ते बहुधा थंड पाणी. फेब्रुवारीत उत्तर समुद्राचं पाणी पाच-सहा अंशांपर्यंत उतरतं. त्यात पडताच माणूस इच्छा नसताना धापा टाकू लागतो आणि पहिल्या काही मिनिटांतच नाकातोंडात पाणी जातं. पुढे हातपाय बधिर होतात, मग पट्टीचा पोहणाराही हतबल होतो. ती पहिली मिनिटं जॅकेट निभावून नेतं.

फ्रीमन वाचला त्याच वर्षी, 1861 मध्ये, राष्ट्रीय जीवरक्षक नौका संस्थेने व्हिटबीचं ठाणं हाती घेतलं. 1914 मध्ये 'रोहिला' हे रुग्णालय-जहाज तिथल्या खडकांवर फुटलं. मूळ ब्रिटिश इंडिया कंपनीचं हे जहाज, नाव आपल्याकडच्या रोहिल्यांवरून. वल्ह्यांच्या नौका थकल्या तेव्हा टाइनमाउथहून इंजिनाची नौका आली आणि तिने शेवटचे 50 जण काढले. त्याआधीच, 1904 मध्ये, बुचाच्या जागी कापोक आला होता. कापोक म्हणजे पांढऱ्या सावरीचा कापूस, आपल्या काटेसावरीचा भाऊबंद. त्याचा तंतू पोकळ आणि मेणचट, म्हणजे पुन्हा तीच कोंडलेली हवा, पण बुचाहून हलकी.

फ्रीमन पुढे त्याच ठाण्याचा तांडेल झाला. त्याच्या हातून तीनशेवर माणसं वाचली. फ्रँक सटक्लिफने काढलेल्या छायाचित्रात तो ते जॅकेट घालून उभा आहे, आणि बुचाच्या पट्ट्या त्यात एकेक करून मोजता येतात.