युनिक्स लॅपटॉपवरील डीएचसीपी दोषशोधन

लॅपटॉप नेटवर्कला जोडला की त्याला आयपी पत्ता (नेटवर्कवरचा आकडी पत्ता), नेटमास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा), गेटवे (बाहेर जाण्याचे दार) आणि डीएनएस सर्व्हर (नावावरून आकडी पत्ता सांगणारा) आपोआप मिळावेत, यासाठी डीएचसीपी हा प्रोटोकॉल, म्हणजे देवघेवीचे ठरलेले नियम, वापरतात. १९८५ च्या बूटपी या जुन्या प्रोटोकॉलवर तो बेतलेला आहे. सध्याचे मानक, आरएफसी २१३१ हा इंटरनेट मानकांचा दस्तऐवज, मार्च १९९७ चे. लिनक्स, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी या युनिक्स कुळातल्या प्रणालींवर हे काम क्लायंट नावाचा छोटा प्रोग्राम करतो. पत्ता मिळाला नाही, की देवघेव नेमकी कुठे अडली ते हुडकणे म्हणजे दोषशोधन.

नाशिककराला ही देवघेव ओळखीची वाटेल. पंचवटीत किंवा त्र्यंबकेश्वरला आलेला यात्रेकरू आडनाव आणि गाव सांगतो, गुरुजी वही उघडून त्याच्या घराण्याचे पान काढतात. डीएचसीपी सर्व्हरचीही अशीच वही असते आणि लॅपटॉपचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) हे त्याचे आडनाव. लॅपटॉप सगळ्या नेटवर्कला ऐकू जाईल अशी हाक देतो (डिस्कव्हर), सर्व्हर पत्ता देऊ करतो (ऑफर), लॅपटॉप तोच मागतो (रिक्वेस्ट), सर्व्हर पक्का करतो (अ‍ॅक). क्लायंट यूडीपी पोर्ट (निरोप घेण्याचे क्रमांकित दार) ६८ वर ऐकतो, सर्व्हर ६७ वर. पत्ता मुदतीचा असतो; या मुदतीच्या कराराला लीज म्हणतात. निम्मी मुदत सरली की क्लायंट त्याच सर्व्हरकडे वाढ मागतो, ८७.५ टक्के सरूनही उत्तर नसेल, तर जो सर्व्हर ऐकेल त्याच्याकडे. खासगीपणासाठी मॅक पत्ता बदलत राहण्याची सोय चालू असेल तर राखून ठेवलेला पत्ता मिळत नाही, कारण वहीत ते आडनावच सापडत नाही.

पत्ता मिळाला नाही की बहुतेक जण आधी लॅपटॉप आणि राउटर बंद-चालू करतात. नेट सुरू होतेही, पण पुरावा पुसला जातो आणि चार दिवसांनी तीच तक्रार परत येते. त्याआधी पत्ता पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर सर्व्हरकडून काहीच आले नाही आणि लॅपटॉपने स्वतःच तात्पुरता पत्ता घेतला, असे समजावे. मग टीसीपीडंप (नेटवर्कवरचे निरोप पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम) लावून पोर्ट ६७ आणि ६८ वरची ये-जा बघावी. सातपूरच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये पडद्यावर डिस्कव्हरच्या ओळी एकामागून एक उमटत आहेत, मधले अंतर वाढत चालले आहे आणि ऑफरची एकही ओळ नाही, असे दिसले तर लॅपटॉपची सेटिंग चाळण्यात अर्थ नाही. केबल, स्विच, व्हीलॅन (स्विचमधली आभासी विभागणी) किंवा सर्व्हर तपासावा. याउलट दोन वेगळ्या सर्व्हरांच्या ऑफर दिसल्या, तर बहुधा कोणीतरी घरचा जुना राउटर ऑफिसच्या स्विचला लावून ठेवला आहे. हा दोष सर्वात जास्त छळतो, कारण काही यंत्रे चालतात, काही नाही.

लॅपटॉपचा खास दोष झाकणाशी निगडित आहे. कॉलेज रोडवरच्या क्लासमध्ये झाकण मिटले आणि सिडकोतल्या घरी उघडले, तर क्लायंट डिस्कव्हर न पाठवता लीज फाइलीतला जुना पत्ताच मागतो. नव्या नेटवर्कचा सर्व्हर स्पष्ट नकार देतो तेव्हा सगळे सुरळीत होते. तो गप्प बसला, तर क्लायंट काही काळ वाट बघत राहतो. अशा वेळी क्लायंट थांबवून जुनी लीज फाइल बाजूला ठेवावी आणि त्याला कोऱ्या पाटीवर सुरू करावे.

पत्ता बरोबर, गेटवेला पिंग (उत्तर येते का ते पाहणारी हाक) जाते, बाहेरच्या आकडी पत्त्यालाही जाते, तरी संकेतस्थळ उघडत नाही, म्हणजे दोष डीएनएसचा. रिझॉल्व्ह-कॉन्फ ही डीएनएस सर्व्हरचे पत्ते असलेली फाइल हाताने दुरुस्त केली तरी पुढच्या लीजला ती पुन्हा लिहिली जाते, म्हणून बदल नेटवर्क मॅनेजर किंवा सिस्टमडी-रिझॉल्व्हडी (लिनक्सवर नेटवर्क आणि डीएनएस सांभाळणारे प्रोग्राम) यांच्या सेटिंगमध्ये करावा.

एकाच इंटरफेसवर (वायफाय किंवा केबलच्या जोडणीवर) दोन क्लायंट चालू नाहीत ना, हेही पाहावे. नेटवर्क मॅनेजर चालू असताना जुन्या सवयीने डीएचक्लायंट हा वेगळा डीएचसीपी क्लायंटही सुरू केला, की पत्ता घडीघडी बदलतो आणि जोडणी मध्येच तुटते. दोघांपैकी एकच ठेवावा. डीएचक्लायंटची देखभाल आयएससी या त्याच्या निर्मात्या संस्थेने २०२२ मध्ये थांबवली असल्याने नव्या मांडणीत तो निवडू नये.