ओठावरच्या पुळ्या आणि हर्पिसचा इतिहास

ताप येऊन गेला की ओठाच्या कडेला पाण्याच्या बारीक पुळ्यांचा झुबका येतो, गोव्यात कुठल्याही घरात विचारा, आजी सांगणार उष्णता बाहेर पडली, तूप लाव. कोणाला काही वाटत नाही. पण त्याच पुळ्यांना डॉक्टरने हर्पिस म्हटलं की चेहरा उतरतो, बायको नवऱ्याला सांगत नाही, नवरा बायकोला सांगत नाही, आणि मला ह्याचंच वाईट वाटतं, कारण हा व्हायरस निम्म्याहून जास्त लोकांत आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज बघा, ५० वर्षांखालच्या साधारण ३८० कोटी लोकांच्या अंगात ह्या व्हायरसचा टाइप १, म्हणजे बहुतेक वेळा ओठावर येणारा प्रकार, आहे, बहुतेकांना तो लहानपणीच घरच्यांच्या लाळेतून लागलेला.

तो माणसाकडून माणसाला लागतो हे एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या विदाल यांनी दाखवलं. पुढे जर्मनीत ग्रूटर यांनी पुळीतलं पाणी सशाच्या डोळ्याला लावून तिथे रोग उठवून दाखवला. खरं कोडं मात्र १९३० च्या सुमारास पडलं, अँड्र्यूज आणि कारमायकल यांना दिसलं की ज्यांना पुळ्या परत परत येतात त्यांच्याच रक्तात अँटीबॉडी आहेत, म्हणजे शरीर लढतंय तरी रोग परत येतोय, मग तो मधल्या काळात राहतो कुठे? गुडपाश्चर यांनी तेव्हाच नसांकडे, म्हणजे मज्जातंतूंकडे, बोट दाखवलं होतं, पण पक्का पुरावा १९७१ मध्ये आला, स्टीव्हन्स आणि कुक यांना उंदरांच्या मज्जातंतूंच्या गाठींत तो गप्प बसलेला सापडला. ताप, कडक ऊन, ताण, ह्यातलं काही झालं की तो नसेतूनच खाली उतरतो, म्हणून पुळी बहुतेक वेळा त्याच जागी येते. टाइप १ आणि टाइप २ वेगळे हे साठच्या दशकात स्पष्ट झालं, टाइप २ मुख्यतः लैंगिक संबंधातून पसरतो आणि त्यामुळे एचआयव्ही लागायचा धोकाही वाढतो, पण टाइप १ सुद्धा जननेंद्रियांवर होऊ शकतो, त्यामुळे नुसत्या जागेवरून कोणाच्या चारित्र्याचा हिशेब मांडू नये. आणि नागीण वेगळी हां, ती कांजिण्यांच्या व्हायरसची, फक्त घराणं एकच.

औषधाच्या बाबतीत सगळं बदललं ते असायक्लोव्हिरने, सत्तरच्या दशकात गर्ट्रूड एलियन यांच्या टीमने ते आणलं, १९८८ मध्ये एलियन यांना नोबेलही मिळालं. गंमत म्हणजे व्हायरसचंच एक एन्झाइम ह्या औषधाला चालू करतं, म्हणून ते मुख्यतः व्हायरस शिरलेल्या पेशींतच काम करतं आणि बाकीच्या शरीराला फारसा त्रास होत नाही. मेंदूत हर्पिस गेला तर आधी उपचाराविना साधारण ७० टक्के पेशंट दगावायचे, आता ताप आणि बरळणं सुरू झाल्याबरोबर गोमेकॉसारख्या (गोवा मेडिकल कॉलेज) मोठ्या ठिकाणी नेऊन शिरेतून असायक्लोव्हिर सुरू झालं तर बरेच वाचतात. नसेत लपलेला व्हायरस मात्र ह्या औषधानेही जात नाही, आणि लस अजून आलेली नाही.

दोन गोष्टी कळकळीने सांगतो. चवथीला घर पाहुण्यांनी भरतं, ओठावर पुळी असेल तर नवजात बाळाचा मुका घेऊ नका, त्या वयात हा जिवावर बेततो. आणि डोळा लाल झाला, दुखतोय, उजेड सहन होत नाही, तर फार्मसीतून स्टेरॉइडचे ड्रॉप्स आणून घालू नका. डोळ्याचा डॉक्टर रंगाचा थेंब घालून निळ्या उजेडात बघतो तेव्हा बुबुळावर झाडाच्या फांद्यांसारखी हिरवी जखम चमकते, ती बहुतेक वेळा हर्पिसची असते, आणि नुसत्या स्टेरॉइडने ती पसरून नजर जाऊ शकते.