कॅरिबियन कुटुंबकादंबरी आणि तिचे वाचक

कॅरिबियन समुद्रातील बेटे आणि दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरील गयाना या एकेकाळच्या युरोपीय वसाहतींत, एका घराच्या गोष्टीतून सबंध समाज उभा करणारी कादंबरी. मायलेकी, आजी-नातू, सासरी राहणारा जावई, मळेवाल्याचा वाडा आणि त्या वाड्यातली दाई ही तिची माणसे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही भाषांत ती जोमाने लिहिली गेली. तिच्या वाचकांत मोठे मतभेद झाले, पण ते कादंबरी चांगली की वाईट एवढ्यावरून क्वचितच झाले. या घराची गोष्ट सांगण्याचा अधिकार कोणाचा, हा त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. वाचक त्या समाजातल्या कोणत्या घरातून आला, यावर त्याचे उत्तर बरेचसे अवलंबून राहिले.

उसाच्या मळ्यांवर गुलामाला स्वतःचे कुटुंब असे नव्हतेच. आई एका मालकाकडे, मूल दुसऱ्याकडे विकले जाई. ब्रिटिश संसदेने १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला आणि १ ऑगस्ट १८३४ पासून तो लागू झाला. त्यापोटी मालकांना २ कोटी पौंडांची भरपाई मिळाली. मुक्त झालेल्यांना काहीच मिळाले नाही, उलट ‘उमेदवारी’च्या नावाखाली १८३८ पर्यंत त्याच मळ्यांवर राबावे लागले. पुढे मजूर कमी पडू लागले तेव्हा हिंदुस्थानातून गिरमिटिये, म्हणजे ठराविक वर्षांच्या करारावर बांधलेले मजूर, आणले गेले. त्यांचे पहिले जहाज, फतेल रझाक, ३० मे १८४५ रोजी त्रिनिदादला लागले. १९१७ मध्ये ही पद्धत बंद होईपर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार माणसे एकट्या त्रिनिदादला गेली. आफ्रिकी, हिंदुस्थानी, गोरे, मिश्र वंशाचे, अशा प्रत्येक घरामागे वेगळा इतिहास आहे. म्हणून इथल्या कादंबरीत स्वयंपाकघरातले भांडणही स्वयंपाकघरापुरते राहत नाही.

सर्वांत जास्त वाद ज्या पुस्तकावर झाला ते म्हणजे जीन रीस यांची ‘वाइड सारगासो सी’ (१९६६). लेखिका डॉमिनिका बेटावर १८९० मध्ये जन्मली. तिच्या आईचे घराणे जुन्या मळेवाल्यांचे. सोळाव्या वर्षी तिने बेट सोडले आणि पुढे १९३६ मध्ये एकदाच ती तिथे परतली. ‘जेन आयर’ या १८४७ च्या इंग्रजी कादंबरीत माडीवर कोंडून ठेवलेली एक वेडी बायको आहे. ती वेस्ट इंडीजची, पण तिला बोलायला शब्द नाहीत. रीस यांनी त्या बाईला बालपण, आई, घर आणि मूळ नाव दिले : अँत्वानेत. कथेचा काळही त्यांनी गुलामगिरी संपल्यानंतरच्या वर्षांत आणून ठेवला. मळा उजाड झाला आहे, काळे शेजारी या कुटुंबाला ‘पांढरी झुरळे’ म्हणतात, आणि इंग्लंडहून आलेल्या गोऱ्यांच्या लेखीही ही माणसे आपली नाहीत. लग्नात अँत्वानेतचे ३० हजार पौंड नवऱ्याच्या हाती जातात, तिच्या नावावर काही राहत नाही. मग तो तिचे नावही बदलतो. कादंबरीत या नवऱ्याला लेखिकेने कुठेही नाव दिलेले नाही.

इंग्लंडमधल्या वाचकांनी ही गोष्ट एका छळलेल्या स्त्रीची म्हणून उचलून धरली. कॅरिबियन वाचकांची नजर दुसऱ्याच प्रसंगावर गेली. जमाव घर पेटवतो तेव्हा अँत्वानेत आपली काळी मैत्रीण टिया हिच्याकडे धावते आणि टिया तिला दगड मारते. एकीच्या चेहऱ्यावर रक्त, दुसरीच्या डोळ्यांत पाणी. जणू आरशात पाहावे तशा दोघी समोरासमोर उभ्या राहतात. बार्बाडोसचे कवी-इतिहासकार कामाऊ ब्रेथवेट यांनी १९७४ मध्ये या चित्राला स्पष्ट हरकत घेतली. टिया तिची मैत्रीण नव्हती आणि होऊही शकली नसती, इतिहासाने त्या दोघींना वेगळे केले होते, असे त्यांचे म्हणणे. बेटांवरच्या गोऱ्यांनी स्वतःला बाकीच्या समाजापासून इतके दूर ठेवले, की त्या समाजाच्या अंतरंगावर हक्क सांगणे त्यांना शोभत नाही. त्याआधी, १९७० मध्ये, त्रिनिदादचे समीक्षक केनेथ रामचंद यांनी मात्र रीस यांना वेस्ट इंडीजच्या कादंबरीत जागा दिली होती. सत्ता हातातून निसटताना गोऱ्यांच्या मनात भरलेली धडकी या पुस्तकात उतरली आहे, असे त्यांनी दाखवले.

पुढे १९८५ मध्ये समीक्षक गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांनी अँत्वानेतची दाई क्रिस्तोफीन हिच्याकडे लक्ष वेधले. ती अँत्वानेतच्या नवऱ्याला तोंडावर सुनावते, लिहिता-वाचता येत नसले तरी आपल्याला इतर गोष्टी कळतात असे सांगते, आणि मग कथेतून निघून जाते. गोऱ्या नायिकेसाठी लिहिलेल्या गोष्टीत तिला यापेक्षा जास्त जागा मिळू शकत नाही, असे स्पिव्हाक यांना वाटले. समीक्षक बेनिटा पॅरी यांनी उलट बाजू घेतली : क्रिस्तोफीनचा आवाज पुस्तकात आहे, तो ऐकायचा की नाही हे वाचकाच्या हाती. प्रस्तुत लेखकाला पॅरी यांचे म्हणणे अधिक पटते. पण ब्रेथवेट यांचा मुद्दा त्याने खोडला जात नाही. दगड टियाने का मारला हे आपल्याला कळते ते अँत्वानेतच्या तोंडूनच. टियाच्या बाजूने ते कोणी सांगत नाही.

त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या व्ही. एस. नायपॉल यांच्या ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ (१९६१) या कादंबरीत घर हाच विषय आहे. मोहन बिस्वास या पाट्या रंगवणाऱ्या गरीब ब्राह्मण तरुणाचे लग्न तुलसी नावाच्या मोठ्या घराण्यात लावले जाते आणि त्याचे आयुष्य स्वतःच्या मालकीच्या घरासाठी धडपडण्यात जाते. ४६ व्या वर्षी तो मरतो तेव्हा घर त्याचे असते, गहाण पडलेले, पण त्याचे. नायपॉल यांचे वडील सीपरसाद हे त्याचे मूळ. बिस्वास पुढे पत्रकार होतो, तसे तेही पत्रकार होते. तुलसींच्या ‘हनुमान हाउस’चे मूळ चग्वानास गावातला ‘लायन हाउस’ हा वाडा, नायपॉल यांच्या आजोळचा. तो अजून उभा आहे.

बिस्वासची स्थिती सांगायला इंग्रजी समीक्षकांना परिच्छेद खर्चावे लागतात. मराठी वाचकाला एक शब्द पुरतो : घरजावई. त्या शब्दातली मिंधेपणाची धार, सासूच्या पंगतीला बसून तिच्याच नावाने बोटे मोडण्याची लाचारी, हे सगळे पुस्तकात आहे. बिस्वास मुलीसाठी बाहुलीचे घर आणतो तो प्रसंग पाहावा. एकत्र कुटुंबात एकाच मुलीला एवढी मोठी भेट म्हणजे बाकीच्या बहिणींचा अपमान. घरातले वातावरण इतके तापते, की शेवटी त्याची बायको शामा स्वतःच्या हाताने ते खेळणे मोडून टाकते. हे पान वाचताना बिस्वासचा कैवार घ्यावा की शामाची कोंडी समजून घ्यावी, यावर वाचक आजही भांडतात, आणि भांडायला हवे. शामाला दुसरी वाट कोणती होती?

कॅरिबियन समीक्षक गॉर्डन रोलेर यांनी १९६०च्या दशकात हनुमान हाउसचे वेगळेच वाचन केले. हे परंपरा जपणारे कुळ नसून मळ्याचीच लहान प्रतिकृती आहे. सासूला आपला डोलारा सावरण्यासाठी फुकटचे हात हवे आहेत. ही मांडणी मला महत्त्वाची वाटते, कारण ‘हिंदू एकत्र कुटुंब’ या नावाखाली जे झाकले जाते ते ती उघडे करते. नायपॉल यांच्याविषयी बेटांवर राग होताच. वेस्ट इंडीजमध्ये काही निर्माणच झाले नाही अशा अर्थाचे त्यांचे १९६२ मधले विधान तिथे कोणी विसरलेले नाही. तरीही या एका कादंबरीपुरता तो राग अनेकांनी बाजूला ठेवला.

या प्रकारातले एक पुस्तक समाजशास्त्रज्ञांच्याही कामी आले. बार्बाडोसच्या जॉर्ज लॅमिंग यांच्या ‘इन द कासल ऑफ माय स्किन’ (१९५३) मध्ये, आपला बाप असून नसल्यासारखा आणि आईच खरा बाप झाली, अशा अर्थाचे एक वाक्य आहे. जमैकाच्या एडिथ क्लार्क यांनी तिथल्या कुटुंबांचा अभ्यास १९५७ मध्ये प्रसिद्ध केला तेव्हा त्याचे शीर्षक याच वाक्यावरून घेतले. याच कादंबरीतल्या शाळकरी मुलांना आपले पूर्वज गुलाम होते हे खरेच वाटत नाही, कारण शाळेत कोणी तसे सांगितलेलेच नाही.

अँटिग्वाच्या जमैका किनकेड यांच्या ‘अ‍ॅनी जॉन’ (१९८५) मधली आई म्हणजे ब्रिटिश साम्राज्य, असे वाचन अभ्यासवर्गात फार चालते. ते घाईचे आहे. त्या मायलेकींतली ओढ आणि चीड कुठल्याही रूपकाच्या आधी येते. साम्राज्याशी झटापट करायला लेखिकेने वेगळा प्रसंग दिलाच आहे : पुस्तकातल्या साखळदंडातल्या कोलंबसाच्या चित्राखाली अ‍ॅनी टोमणा लिहिते आणि शिक्षा भोगते. फ्रेंच बेटांवर जोसेफ झोबेल (१९५०) यांनी मार्टिनिकमधल्या आजी-नातवाची आणि सिमोन श्वार्झ-बार (१९७२) यांनी ग्वादलुपमधल्या स्त्रियांच्या पिढ्यांची गोष्ट लिहिली.

यांतली बहुतेक पुस्तके लंडन-पॅरिसला छापली गेली, त्यामुळे पहिले परीक्षणही तिकडचेच. बीबीसीच्या ‘कॅरिबियन व्हॉइसेस’ (१९४३-५८) या कार्यक्रमात बेटांवरच्या लेखकांचे साहित्य लंडनमधून वाचले जाई आणि बेटांवर ऐकले जाई. पुढे १९७२ मध्ये प्रदेशाचे स्वतःचे परीक्षा मंडळ स्थापन झाले आणि शाळेत शिकवायच्या साहित्याची निवड इंग्लंडऐवजी तिथेच होऊ लागली.

मराठी वाचकांना नायपॉल बहुधा भारतावरच्या पुस्तकांतून भेटलेले असतात. १९९० मधल्या पुस्तकात नामदेव ढसाळही आहेत. पण त्रिनिदादला गेलेले गिरमिटिये मुख्यतः भोजपुरी-अवधी मुलखातले, कोलकात्याहून जहाजात चढलेले. तेव्हा ‘आपलीच माणसे’ म्हणताना थोडे जपावे. बिस्वासच्या घरातली माणसे हिंदीत बोलतात तेव्हा नायपॉल ते संवाद शुद्ध इंग्रजीत लिहितात आणि ती इंग्रजीत बोलतात तेव्हा मोडक्या, बेटावरच्या इंग्रजीत. मराठीत हे उतरवताना घरातली हिंदी प्रमाण मराठीत आणली, तर बाहेरच्या त्या मोडक्या इंग्रजीला कोणती बोली द्यायची? वऱ्हाडी, मालवणी किंवा अहिराणी दिली की ती बोलणारी माणसे कमी शिकलेली ठरतात, आणि बिस्वास तर वर्तमानपत्रात बातम्या लिहिणारा माणूस.