पाटीच्या दरात उरलेल्या शीटचा हिशोब

आमच्या दरपत्रकातील ‘वेस्टेज’ या ओळीबद्दल ग्राहक नेहमी विचारतात आणि ते रास्तच आहे, कारण जी वस्तू हातात येत नाही तिचे पैसे का मोजायचे, हे देणाऱ्याला कळायलाच हवे.

ॲक्रिलिकची किंवा एसीपीची (ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लॅस्टिकचा थर असलेली) शीट बहुधा ८ फूट बाय ४ फूट, म्हणजे ३२ चौरस फुटांची असते. पाटी ४ फूट ३ इंच लांब व २ फूट रुंद हवी असल्यास एका शीटमधून दोनच पाट्या निघतात आणि १५ चौरस फूट माल उरतो. तीच पाटी दोन्ही बाजूंनी ४ फूट व २ फुटांहून किंचित कमी ठेवली (किंचित कमी, कारण करवतीचे पातेही काही मिलिमीटर माल खाते), तर चार निघतात. म्हणून भिंतीवर जागा असेल तेवढे माप ठरवून टाकण्याआधी आम्हाला एकदा विचारावे, ही विनंती.

नेहमीच्या रंगातला, दोन्ही बाजूंनी फूटभर तरी असलेला तुकडा आम्ही पुढच्या कामासाठी ठेवून घेतो व त्याचे पैसे लावत नाही. वेस्टेजमध्ये धरतो त्या फक्त चिंचोळ्या पट्ट्या. केवळ आपल्यासाठी मागवलेल्या रंगाची मात्र पूर्ण शीट आपल्या नावे लागते आणि उरलेले तुकडे आपलेच असतात. ते पाटीबरोबर अवश्य न्यावेत.

ब्रश फिनिशच्या एसीपीवर रेषांना दिशा असते. जागा वाचवण्यासाठी एखादा तुकडा आडवा फिरवून कापला, तर शेजारच्या तुकड्यापेक्षा त्याची छटा वेगळी दिसते, त्यामुळे तिथे वेस्टेज वाढते.

बडोद्यात दुकानावर गुजराती आणि घराच्या दारावर मराठी पाटी अनेकांना हवी असते. गुजरातीला शिरोरेषा नसल्याने अक्षरे सुटी कापून लहान तुकड्यांतही बसवता येतात. मराठी नाव शिरोरेषेसह एकसंध कापायचे तर सलग लांब पट्टी लागते. तरीही माल वाचवण्यासाठी शिरोरेषा तोडावी, असे आम्ही कधीच सुचवणार नाही, कारण नाव तिच्यामुळेच एकत्र राहते आणि भिंतीवर सरळ बसते.

कापणीपूर्वी शीटवरील मांडणीचा आराखडा आम्ही आपल्याला दाखवतो. वाया जाणारा भाग त्यात रेघा मारून दाखवलेला असतो. मापात बदल करायचा असल्यास तो त्याच वेळी सांगावा.