ज्या पत्र्याला हात लावू नये

मे अर्धा सरला की गोव्यात पावसाची तयारी सुरू होते. कौलं परतली जातात, माडाची सुकी झावळं उतरवतात आणि पडवीवरच्या सिमेंटच्या पत्र्यांवर कोणीतरी तारेचा ब्रश घेऊन चढतो. शेवाळ निघतं, पत्रा उजळतो. इमारतींतले घातक पदार्थ तपासणारा माणूस शेजारी असता, तर त्याने आधी त्या ब्रशवाल्याला खाली उतरवलं असतं.

जुन्या पत्र्यांत सिमेंटसोबत साधारण १० टक्के ॲस्बेस्टॉस (तंतुमय खनिज) असतो, बहुधा पांढरा, म्हणजे क्रायसोटाइल. पत्रा धड आहे तोवर तंतू सिमेंटमध्ये गच्च बसलेले असतात. पण पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, ते किंचित आम्लधर्मी होतं आणि सिमेंटमधला चुना धुऊन नेतं. गोव्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वीस-तीस पावसाळे झेललेल्या पत्र्याच्या पाठीवर बारीक लव दिसते. ते उघडे पडलेले तंतूच. ब्रश फिरला की ते हवेत उडतात. ३ मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक तंतू फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात. त्यातून होणारा मेसोथेलिओमा हा कर्करोग बहुधा २० ते ४० वर्षांनी उघडकीला येतो, म्हणून ब्रशचा आणि आजाराचा संबंध कोणी जोडत नाही.

नुसतं बघून मात्र तपासनीससुद्धा छातीठोक सांगत नाही. ॲस्बेस्टॉसविरहित नवे पत्रेही तसेच दिसतात. तो जागा साबणाच्या पाण्याने भिजवतो, नखाएवढा तुकडा पक्कडीने काढतो, दुहेरी पिशवीत बंद करतो आणि उघडी पडलेली कड लेपून टाकतो. प्रयोगशाळेत ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली क्रायसोटाइलचे तंतू कुरळे दिसतात, निळ्या आणि तपकिरी ॲस्बेस्टॉसचे सरळ.

एवढं करून त्याचा सल्ला अनेकदा एकच असतो: पत्रा शाबूत आहे, राहू द्या. पैसे घेऊन काही न करायला सांगणारा माणूस आपल्याला परवडत नाही, ही खरी अडचण!

जुन्या खिडक्यांच्या ऑइल पेंटचंही तसंच. रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७च्या नोव्हेंबरपासून आली. त्याआधीचा रंग कोरडा घासू नये, घरात लहान मूल असेल तर मुळीच नको.

ब्रिटनमध्ये १९९९ साली ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली. आपल्याकडे पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचे पत्रे कायदेशीरपणे विकले जातात. पणजीचं कारखाने आणि बॉयलर निरीक्षणालय कारखान्यांपुरतं; घर पाडताना आपण विचारतो ते गवंड्याला. त्याला एवढं तरी सांगावं: पत्रे भिजवून घे, हूक कापून अखंड उतरव, हातोडा घालू नकोस. आणि तुकडे झालेच, तर ते वाटेवरच्या खड्ड्यात भरू नकोस.