३० म्हणजे १९३० की २०३०?

एक्सेलमध्ये एफडीच्या मुदतीची तारीख टाका: १५/६/२९. एक्सेल ती २०२९ची धरतं. खालच्या ओळीत १५/६/३१ टाकलीत, तर जुन्या सेटिंगच्या कॉम्प्युटरवर ती थेट १९३१ची होते. सेलचा फॉरमॅट दोन आकडी वर्षाचा असेल तर पडद्यावर नुसतं ‘३१’ दिसतं आणि शंकाही येत नाही. तारखांप्रमाणे सॉर्ट केलं की ही एफडी सगळ्यात वर जाऊन बसते. मुदतीला किती दिवस उरले ते काढलं, तर उत्तर उणे तीस हजारांच्याही पलीकडे जातं.

एक्सेलचा जुना नियम असा: ०० ते २९ म्हणजे २०००-२०२९, आणि ३० ते ९९ म्हणजे १९३०-१९९९. ही सीमा विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये बदलता येते. पण तिकडे कोण कशाला फिरकतंय! आणि दोन कॉम्प्युटरवर ही सीमा वेगवेगळी असेल, तर एकच सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरात साठवलेला तक्ता) दोन वेगळी शतकं दाखवू शकते.

आपण ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणतो तेव्हा १८७२ का, असं कोणी विचारत नाही. सॉफ्टवेअरला हा संदर्भ कुठून असणार? कोणीतरी एक रेषा आखून देतं आणि ते तिच्यावर चालतं. पंचाईत अशी की प्रत्येकाने रेषा आपापल्या जागी आखली आहे. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत ०० ते ६८ हे २०००च्या पुढचे, ६९पासून १९००चे. म्हणजे ६८ साली जन्मलेला थोरला भाऊ २०६८मध्ये जन्मणार आणि ६९चा धाकटा त्याच्याहून ९९ वर्षांनी मोठा! मायएसक्यूएल या डेटाबेसची रेषा एकच घर पुढे आहे, तिथे ६९ म्हणजे २०६९. जावा या भाषेत तारखा वाचणाऱ्या जुन्या ‘सिंपलडेटफॉरमॅट’ची रेषा तर दरवर्षी सरकते: ८० वर्षं मागे, २० वर्षं पुढे. एफडीला हे चालून जाईल. पण ८५ वर्षांच्या आजोबांची जन्मतारीख त्यातून गेली, तर आजोबा अजून जन्मालाच यायचेत.

ही सगळी कसरत वायटूकेच्या, म्हणजे २००० साल उजाडताना दोन आकडी वर्षांनी घातलेल्या गोंधळाच्या वेळी बोकाळली. वर्ष चार आकडी करायचं तर डेटाबेस, फॉर्म, रिपोर्ट, सगळंच बदलावं लागे. रेषा आखायला कोडच्या दोन-चार ओळी पुरत. ‘तोपर्यंत ही सिस्टिम कोण वापरणार’ हा हिशेब तेव्हाही चुकला होता आणि नंतरही चुकतच राहिला. कॉम्प्युटरच्या नोंदी गोळा करून तपासणाऱ्या स्प्लंक या सॉफ्टवेअरमधला तारखा ओळखणारा नमुना दोन आकडी वर्षं १९पर्यंतच मानत होता. २०२० उजाडण्याआधी कंपनीला ग्राहकांना सांगावं लागलं की या नमुन्याची फाइल बदला, नाहीतर १ जानेवारीपासूनच्या नोंदींच्या वेळा चुकतील.

वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्रांत निदान नियम लेखी आहे. २०४९पर्यंतची मुदत दोन आकडी वर्षाने लिहायची, ५० ते ९९ हे १९००चे समजायचे आणि २०५०पासून चार आकडी वर्ष सक्तीचं. तुमच्या एक्सेलमध्ये असली सक्ती नाही, तेव्हा २०३०पासूनची तारीख टाकताना वर्ष पूर्ण लिहा. जुन्या रकान्यांचा फॉरमॅटही एकदा चार आकडी करून बघा. कुठे १९३१ लपलेलं असेल तर लगेच दिसेल.