नाकाच्या शस्त्रक्रियेनंतरचा डोळ्यांभोवतालचा काळेनिळेपणा

नाकाचा आकार बदलण्यासाठी किंवा वाकडे नाक सरळ करण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेनंतर (राइनोप्लास्टी) पापण्यांखाली रक्त साकळून डोळ्यांभोवती येणारी काळीनिळी छटा आणि सूज. डोळ्याला कोणतीही इजा झालेली नसताना खूण मात्र डोळ्यांभोवती उमटते, याचे कारण नाकाच्या हाडात आहे. नाकाचा वरचा भाग अरुंद करण्यासाठी किंवा कुबड काढल्यावर उरलेली फट मिटवण्यासाठी नाकाची हाडे दोन्ही बाजूंनी बारीक छिन्नीने कापून आत सरकवावी लागतात. हा छेद डोळ्याच्या आतील कोपऱ्याजवळून जातो आणि तेथील धमनी व शिरांच्या शाखा त्यात दुखावतात. पापणीची त्वचा शरीरात सर्वांत पातळ, एक मिलिमीटरहूनही कमी जाडीची असते आणि तिच्याखालची ऊती सैल असते. त्यामुळे थोडे रक्तही तेथे चटकन पसरते आणि उठून दिसते. केवळ नाकातील पडदा सरळ करण्याच्या शस्त्रक्रियेत ही हाडे सहसा कापली जात नाहीत, म्हणून तीत डोळे क्वचितच काळवंडतात. 1793 च्या सुमारास पुण्याजवळ कावसजी या गाडीवानाचे कापलेले नाक कपाळाच्या कातडीने पुन्हा घडवण्यात आले, त्या प्रसिद्ध शस्त्रक्रियेतही असा अस्थिछेद नव्हता.

सूज साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते. सकाळी उठल्यावर डोळे नीट उघडत नाहीत, म्हणून रुग्ण घाबरतो, परंतु तेवढ्यावरून शस्त्रक्रिया बिघडली असे ठरत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनचे विघटन होत जाते तसा जांभळा रंग आधी हिरवट आणि मग पिवळसर होतो, आणि गुरुत्वाकर्षणामुळे डाग गालांकडे उतरतो. बहुतेकांमध्ये तो दहा ते चौदा दिवसांत जातो. बुबुळाशेजारच्या पांढऱ्या भागात रक्त उतरले असेल, तर तो लाल डाग दोन-तीन आठवडे टिकू शकतो.

प्रतिबंधाचा मोठा भाग शस्त्रक्रियेच्या आधी आणि तिच्या दरम्यानच उरकतो: अ‍ॅस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीच बंद करणे (हृदयरुग्णांनी मात्र ती स्वतःहून कधीही थांबवू नयेत), रक्तदाबावरील नियंत्रण, रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या अ‍ॅड्रिनलिनने युक्त भुलीचे इंजेक्शन दिल्यावर ते लागू पडेपर्यंत थांबणे, तसेच सूज कमी करणारे डेक्सामेथासोन व रक्तस्राव रोखणारे ट्रानेक्झामिक आम्ल यांचा वापर. हाड श्राव्यातीत कंपनांनी कापणाऱ्या पायझो उपकरणाने आसपासची मऊ ऊती कमी दुखावते. नंतर पहिले दोन दिवस डोके उंच ठेवून झोपणे आणि कापडात गुंडाळलेला बर्फ नाकावर दाब न देता डोळ्यांवर ठेवणे, एवढे पुरेसे ठरते. वाकणे, जड उचलणे आणि जोराने नाक शिंकरणे टाळावे. अर्निका या औषधी वनस्पतीचा प्रचार मोठा असला, तरी तिच्या परिणामाबद्दलचे पुरावे एकमुखी नाहीत.

दृष्टी अंधूक होणे, एका डोळ्यात वाढती तीव्र वेदना होणे किंवा डोळा पुढे येणे ही नेत्रखाचेत (डोळ्याच्या खोबणीत) रक्तस्राव झाल्याची लक्षणे असू शकतात. हा प्रकार दुर्मिळ असला, तरी अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

सावळ्या त्वचेवर साकळलेल्या रक्तातील लोह व वाढलेले रंगद्रव्य यांमुळे डोळ्यांखाली तपकिरी झाक काही महिने राहू शकते; तोवर तेथे ऊन लागू न देणे इष्ट.